कार्ड खाली आहे का?

आमच्या घरात लग्न, बारसं, मुंज असं काहीही निघालं की आहेर काय द्यायचा हा प्रश्न दुसऱ्या नंबरावर असतो. पहिला प्रश्न, "कार्ड खाली आहे का?" याला 'हो' असं उत्तर आमच्या घराण्यात अजून कुणी दिलेलं नाही. उत्तर येतं, "पाहावं लागेल." आणि एकदा का पाहायला बसलं, की पत्रिकेवरचा मुहूर्त टळून जातो, वऱ्हाड जेवायला बसतं, कार्ड मात्र भरलेलंच राहतं.

कॅमेऱ्याची ही कार्डं संत्रा बर्फीच्या एका रिकाम्या डब्यात असतात. त्यात 2 जीबीपासून 64 जीबीपर्यंत सगळ्या वयाची मंडळी आहेत. एक जाडजूड कार्ड अशा कॅमेऱ्याचं आहे, जो आता आमच्याकडे नाही आणि ज्यांना विकला त्यांच्याकडेही नाही. एक 'इथे मेमरी भरून मिळेल' अशा पाट्यांच्या काळातलं आहे. तेव्हा नागपुरात बर्डीवरचे दुकानदार दहा-वीस रुपयांत कार्ड गाण्यांनी गच्च भरून द्यायचे. नखाएवढं एक कार्ड तर देवघरातल्या कुंकवाच्या कोयरीत सापडलं. आईनं ते हरवू नये म्हणून तिथे ठेवलं होतं. त्याच्या पाठीवर आठ सोनेरी पट्ट्या असतात, त्यांतल्या पाच कुंकवानं माखलेल्या. फडक्यानं पुसून लावलं तर सौभाग्यवतीसारखं निमूट चाललं.

घोळ नको म्हणून बायकोनं प्रत्येक कार्डावर बारीक चिकटपट्टी लावून अक्षरं लिहिली. तीन कार्डांवर लिहिलं आहे 'खाली'. तिन्ही भरलेली आहेत. एकावर 'खाली नाही'. ते पूर्ण रिकामं आहे. आणि एकावर लिहिलं आहे, 'विचारून'. कुणाला, ते लिहायला जागा उरली नाही. कार्डच ते, पोस्टाच्या तिकिटाएवढं. मला वाटतं बायकोला विचारायचं, बायकोला वाटतं आईला, आईला वाटतं मला. त्यामुळे 'विचारून' कार्डाला जी सुरक्षितता मिळाली आहे ती बँकेच्या लॉकरमधल्या सोन्यालाही नाही.

वडिलांच्या काळी ही भानगड नव्हती. रोल 36 फोटोंचा, नशीब जोरावर असेल तर सदतिसावा. एका रोलवर एक दिवाळी, त्यानंतरची संक्रांत आणि मधलं कुणाचं तरी साक्षगंध. तरी शेवटी चार-दोन फोटो उरायचेच, आणि रोल संपल्याशिवाय धुवायला टाकणं म्हणजे पैशाची नासाडी. मग 'रोल संपवायचा' कार्यक्रम व्हायचा. जे दिसेल त्याच्यासमोर जो सापडेल त्याला उभं करायचं. आमच्या आजीचा आयुष्यातला एकटीचा असा एकच फोटो आहे, तो नव्या कूलरसोबत. पुढे तोच मोठा करून, कूलर कापून, हार घालून भिंतीवर लागला. नीट पाहिलं तर आजीच्या खांद्यामागे वाळ्याच्या ताटीचा कोपरा अजून दिसतो. काढलेला फोटो पुसून त्याच जागी दुसरा काढायची सोय रोलमध्ये नव्हती. चुकून कुणी तसं केलंच, तर तात्या आणि ताजमहाल एकमेकांच्या आरपार उभे राहायचे.

मग 1999 साली सॅनडिस्क, तोशिबा आणि पॅनासॉनिकवाली मात्सुशिता कंपनी यांनी मिळून एसडी कार्ड आणलं. भरा, पुसा, पुन्हा भरा. यातलं भरणं आम्ही तासाभरात शिकलो. पुसणं अजून चालू आहे.

कॅमेऱ्यात 'फॉरमॅट' दाबलं की तो गंभीरपणे सांगतो, सगळा डेटा जाईल. खाली दोन पर्याय, ओके आणि कॅन्सल, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत उजेड आधी कॅन्सलवर पडलेला असतो. हे ज्या जपानी माणसानं ठरवलं त्यानं नागपुरात एखादा उन्हाळा काढलेला असणार. कारण त्या कॅन्सलवरून ओकेवर जाण्याइतक्या वेळात आमच्या घरात पुढील संवाद होतो.

"काय करताय अहो?"

"फॉरमॅट."

"त्यात पिंकीच्या बारशाचे आहेत."

"ते कॉम्प्युटरवर घेतलेत मागेच."

"कुठल्या कॉम्प्युटरवर?"

इथे मी गप्प होतो. कारण तो कॉम्प्युटर दिवाळीच्या सफाईत भंगारवाल्यानं किलोवर नेला. पिंकी आता कॉलेजात आहे. बारशाचे ते फोटो ती स्वतःसुद्धा पाहत नाही, कारण त्यात तिला टक्कल आहे. पण पुसायचं म्हटलं की सगळं घर त्या बारशाला पुन्हा हजर होतं. आई म्हणते, त्यात आत्याबाईंची नऊवारी आहे. बायको म्हणते, त्यात तिचा भाऊ बारीक आहे. मग एकमतानं कॅन्सल.

नवीन कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ म्हणावं तर तिथे वेगळंच रामायण. कॅमेरा फोटोंना स्वतःच नंबर देतो. 9999 झाले की पुन्हा 0001. त्यामुळे आमच्याकडे एकाच नंबराची दोन-तीन माणसं आहेत. कॉपी करताना कॉम्प्युटर विचारतो, 'या नावाची फाईल आधीच आहे, बदलू की राहू देऊ?' एकीकडे माझी सासू, दुसरीकडे फुटाळ्याचा सूर्यास्त. मी बायकोकडे पाहतो. ती माझ्याकडे पाहते. अशा वेळी एक 'नवीन फोल्डर' काढावा लागतो, मग 'नवीन फोल्डर 2', मग 'सगळे फायनल', आणि त्याच्या पोटात पुन्हा एक 'नवीन फोल्डर'.

खरं म्हणजे फॉरमॅटला इतकं घाबरण्यासारखं काही नसतं. कार्डाच्या सुरुवातीला एक यादी असते. कुठला फोटो कुठल्या खणात, एवढंच तिच्यात टिपलेलं. फॉरमॅट मारलं की साधारणपणे ती यादी तेवढी कोरी होते. फोटो जिथल्या तिथे. मतदार यादीतून नाव उडालेल्या माणसाचं होतं ना, तसं. गृहस्थ घरी असतो, दोन्ही वेळा जेवतो, खिशात ओळखपत्रही असतं, फक्त केंद्रावरचा मास्तर म्हणतो, 'तुम्ही नाहीच.' त्या पत्त्यावर दुसरा भाडेकरू राहायला आला की मगच पहिला खरा गेला. कार्डावरही नवा फोटो त्याच खणात उतरेपर्यंत जुना मुक्काम ठोकून असतो.

हे मी घरात समजावून सांगितलं. आईचा चेहरा खुलला. "म्हणजे राहतात न, पुसल्यावरही? मग परवा तू उडवलेस ते दाखव बरं." बायकोनं दुसरी बाजू धरली. "पुसूनही राहणारच असतील तर पुसता कशाला?"

घरात उत्तर मिळत नाही म्हणून माणूस जाणकारांकडे जातो. नागपुरातले जाणकार सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर भेटतात. लग्नसराईत तिथे फोटोग्राफर मंडळींचा अड्डा असतो. रात्रभर वरातीत नाचणाऱ्यांच्या पुढे उलटं चालून आलेली, डोळे तर्रीसारखे लाल.

"भाऊ, एक-एक डिलीट नाही मारायचं. डायरेक्ट फॉरमॅट."

"कायले? दर वेळी फॉरमॅट मारलं का कार्डाचं आयुष्य कमी होते न."

"कॅमेऱ्यातच मारायचं पण. कॉम्प्युटरवर मारलं का संपलं."

"अबे, माझ्या कार्डाले दहा वर्षांत एकदाही हात नाही लावला मी."

"मग भरलं नाही का?"

"भरलं न. म्हणून तर नवीन घेतलं."

यातल्या प्रत्येकाचा पंथ वेगळा आहे आणि एकमेकांत रोटीव्यवहार फक्त पोह्यांपुरता. माझं मत विचाराल तर फॉरमॅट कॅमेऱ्यातच मारावं, कारण त्याला हवे ते कप्पे तो स्वतः आखून घेतो. 32 जीबीपर्यंतच्या कार्डाची मांडणी एक, त्यावरच्याची दुसरी, हे त्याला पाठ असतं. कॉम्प्युटरवर मारताना आपल्याला ते निवडावं लागतं, आणि निवडायची वेळ आली की आमच्या घरी काय होतं ते आताच पाहिलंत. आयुष्य कमी होण्याचं म्हणाल, तर कार्डातल्या खणांना पुन्हा-पुन्हा लिहिण्या-पुसण्याची मर्यादा असते हे खरं. पण घरगुती कार्ड त्या मर्यादेपर्यंत पोचण्याआधी पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये पोचतं. आमचं एक तसं जाऊन आलं. निळीत खळबळून, पिळून, उन्हात वाळून निघालं, आणि आतला एक फोटो पुसला गेला नाही.

या सगळ्या शास्त्राची परीक्षा साळ्याच्या लग्नात झाली. लग्न मे महिन्यातलं, आणि नागपूरचा मे म्हणजे 2013 साली पारा 47.9 अंशांवर नेऊन ठेवणारा मे. अशा उन्हात हळदीच्या मांडवात फोटोग्राफरच्या पोऱ्यानं कार्ड हातात धरून विचारलं, "खाली आहे का?" आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "हाव." तो 'हाव' कुणाचा, याची चौकशी अजून चालू आहे. आमच्या घरातला नव्हता, हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. पोऱ्यानं ओके दाबलं आणि अख्खी हळद यादीतून उडाली.

फोटोग्राफर मात्र गडबडला नाही. घाम पुसत म्हणाला, "काही टेन्शन नका घेऊ जी. नासानं पण चंद्राच्या टेपा पुसल्या होत्या." मी हे थाप समजून घरी तपासलं, तर खरं निघालं. 1969 साली माणूस चंद्रावर उतरला, त्याच्या थेट प्रक्षेपणाची मूळ टेप नासाला पुढे सापडेना. टेपांचा तुटवडा होता, तेव्हा जुन्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या आणि त्यांतच तीही गेली असावी, असं 2009 साली नासानंच सांगितलं. म्हणजे तिथेही कुणीतरी विचारलं असणार, आणि कुणीतरी 'हाव' म्हटलं असणार.

मी कार्ड घरी आणलं आणि फोटोरेक नावाचा फुकटातला प्रोग्रॅम लावला. हा प्रोग्रॅम यादीकडे बघतच नाही. तो खणाखणात डोकावतो आणि फोटोच्या सुरुवातीची ठराविक खूण दिसली की ओढून बाहेर काढतो. नावं जातात, क्रम बिघडतो, पण माणसं येतात. सासरची सगळी मंडळी कूलरसमोर गोळा झाली आणि पडद्यावर एकेक फोटो उगवू लागला. हळद आली. अर्धी-अर्धी आली, नवरदेवाचं मुंडकं पिवळं आणि गळ्याखाली नुसता राखाडी पट्टा. पण हळदीच्या मागोमाग त्या कार्डाचा सगळा हंगाम वर आला. उमरेडचं एक साक्षगंध, कुठल्याशा पुढाऱ्याचा सत्कार, फोटोग्राफरच्या स्वतःच्या घराच्या गळक्या छताचे बारा अँगल, आणि एक फार थाटाचं लग्न.

त्या लग्नाशी सासूबाई थबकल्या. चष्मा लावला. पडद्याला नाक टेकवलं.

"ही तर मालूची सून!"

मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "कोन मालू?"

"माझी मावसबहीण मालू. तिच्या पोराचं लग्न झालं अन् आपल्याले पत्रिका नाही?"

"पोस्टात अटकली असंन."

"कालच फोनवर बोलली मले. म्हणे पोट्टा अजून लग्नाले तयारच नाही!"

तेराव्या शतकात, 1229 साली, चर्मपत्र महाग पडतं म्हणून कुणा धर्मगुरूनं आर्किमिडीजच्या ग्रंथाची जुनी प्रत खरवडली आणि तिच्यावर प्रार्थना लिहून काढल्या. पावणेआठशे वर्षांनी क्ष-किरण लावून खालचं गणित वाचलं गेलं. त्यातून जगाचं भलं झालं. आमच्या कार्डाखालून निघालं ते न आलेल्या पत्रिकेचं प्रकरण, आणि त्यापायी दोन घरांत सणाचे डबे बंद आहेत. हळदीचे फोटो मिळाले हे त्यात सगळे विसरले. फोटोग्राफरनं कार्ड परत मागितलं तर सासूबाईंनी दिलं नाही. पुरावा आहे म्हणाल्या. आता त्यावर 'विचारून नाही' असं लिहिलं आहे.

ताडोब्याची गोष्ट मी सांगत नाही. वाघ समोर आला आणि कार्ड भरलेलं निघालं, ही गोष्ट नागपुरात घरटी एक असते आणि दर वर्षी तिच्यातला वाघ दोन पावलं जवळ येतो.

मारबतीची मात्र सांगावी लागेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागात काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. एकोणिसाव्या शतकापासूनची पद्धत. सोबत बडगे नावाचे पुतळे असतात, त्यांच्या अंगावर महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, जे काय त्या वर्षी छळत असेल ते लिहिलेलं. सगळं शहर ओरडत असतं, 'घेऊन जा गे मारबत!' रोगराई घेऊन जा, इडापिडा घेऊन जा. मी एका दुकानाच्या ओट्यावर मोक्याची जागा धरली होती. दोन्ही मारबती समोरासमोर यायला लागल्या, ढोल टिपेला गेले, मी बटण दाबलं आणि कॅमेऱ्यानं सांगितलं, कार्ड भरलं आहे.

लाखभर माणसं नको ते सगळं घेऊन जा म्हणून कंठशोष करत होती, आणि मी त्यांच्या मधोमध उभा राहून काय घालवावं याचा विचार करत होतो. पहिला फोटो विजेच्या मीटरच्या आकड्यांचा. हा उडवावा, तर बिलाची तक्रार अजून मिटली नव्हती. दुसरा कुणाच्या तरी कोपराचा. उडवला. तिसरा तान्ह्या पोळ्याचा, लाकडी बैलाजवळ रडणारा एक पोट्टा. अंगठा बटणावर नेला तर शेजारचे काका म्हणाले, "हा ठेवा. चांगला आहे."

"तुमच्या ओळखीचा आहे का?"

"नाही. पण चांगला आहे."

मागून एक बाई वाकून म्हणाल्या, "त्याच्या आधीचा दाखवा बरं." ओट्यावर बघता-बघता समिती बसली. मीटरचा ठेवा, कोर्टात लागतो. कोपराचा काऊन उडवला जी? एकानं तर फोटो मोठा करून पाहायला कॅमेरा हातातच घेतला, आणि त्या ओढाताणीत कार्ड उडून ओट्यावर पडलं. मी ते फुंकर मारून आत घातलं, तर कॅमेरा म्हणाला, कार्ड लॉक आहे. कार्डाच्या कडेला एक चिमुकली खिट्टी असते, ती सरकली होती. गंमत म्हणजे या खिट्टीचं कार्डाला स्वतःला काही कळत नाही. आत काही बंद होत नाही. कॅमेरा फक्त ती कुठे आहे ते पाहतो आणि शहाण्यासारखा हात जोडतो. खिट्टी नखानं वर केली तोवर मारबती भेटून, एकमेकींना मानवंदना देऊन, पुढे गेल्या होत्या. माझ्याकडे त्या दिवसाचे फोटो आहेत ते काळ्या मारबतीच्या पाठीचे आणि एका हवालदाराच्या टोपीचे. समितीनं ते पाहिले आणि एकमतानं ठेवायला सांगितले.

यावर उपाय म्हणून साळ्यानं कुठून तरी एक भलं मोठं कार्ड आणलं. एक टेराबाइट, भाजीच्या भावात. असली कार्डं आतून लहान असतात. आपण किती मोठे आहोत याबद्दल कॅमेऱ्याला खोटं सांगतात, आणि खरी जागा संपली की नवे फोटो जुन्यांवर तरी चढवतात, नाहीतर सरळ हवेत सोडतात. गेलेले फोटो आम्हाला महिन्याभरानं कळले. पण एक सांगतो, कुणालाही न विचारता निर्णय घेणारं आमच्या घरातलं ते एकमेव.

मुलगा म्हणतो, "बाबा, कार्डं कायले सांभाळता? सगळं गुगलवर टाका न." टाकलं होतं. 1 जून 2021 पासून त्यांनीही फुकटचा अमर्याद कारभार बंद केला आणि सगळं मिळून 15 जीबीवर आणून ठेवलं. आमचे 15 आईच्या हळदीकुंकवातच गेले.

गेल्या रविवारी मामाजींचा फोन चालेना म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. "जवाईबापू, हा मेमरी फुल म्हणते. पहा बरं." पाहिलं तर गुड मॉर्निंगचे फोटो. गुलाब, चहाचे कप, उगवते सूर्य, हात जोडलेली लहान मुलं, वर्षानुवर्षांची रास. इतकं सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. ना बारसं, ना आत्याबाई. मी सगळे निवडायला सुरुवात केली तर मामाजींनी मनगट धरलं.

"काऊन, का करून राह्यला?"

"हे सगळे कालबाह्य झालेत मामाजी. वापरलेले आहेत."

"वापरलेले कसे? तो महादेव सोमवारी लागते. हा मारुती मंगळवारचा. गुरुवारले गजानन महाराज. दर हप्त्याले तेच टाकतो मी ग्रुपवर. नवीन कोन आणते रोज?"

"बरं, मग हा गुलाब?"

"तो शुक्रवारचा."

"आणि हा दुसरा गुलाब?"

मामाजींनी फोन डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, पुन्हा जवळ आणला. मग उठून आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अवं, ऐकलं का? हा लाल गुलाब कोन्त्या वाराचा आहे?"